फरिश्ता नसण्याची जबाबदारी



आपल्या नांदेड-लातूरकडच्या घरांत एक वाक्य वरचेवर कानी पडते. घरात ते दखनीत बोलले जाते, बाजारात आणि कचेरीत मराठीत, आशय एकच. "आम्ही माणसं आहोत, काही फरिश्ते नाही." फजरची नमाज सुटली तर हे वाक्य, मापात थोडे मारले गेले तर हे वाक्य, मुलाच्या लग्नात रोख रक्कम मागितली गेली तर हेच वाक्य. वडिलांच्या पश्चात जमिनीची वाटणी झाली आणि बहिणीचे नाव सातबाऱ्यावर आलेच नाही, तर त्याचेही समर्थन याच चार शब्दांत होते. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो.

या वाक्याकडे आपण नम्रता म्हणून पाहतो. पण नीट पाहिले तर त्यात एक दावा दडलेला आहे. चांगुलपणा हे फरिश्त्यांचे काम असून माणसाकडून त्याची पूर्ण अपेक्षा करणे योग्य नाही, असा तो दावा. हा दावा खरा आहे काय? त्याचे उत्तर द्यायचे तर आधी फरिश्ता म्हणजे कोण, त्याला स्वतःची इच्छा असते काय, तो अवज्ञा करू शकतो काय, हे पाहावे लागते. या प्रश्नावर केवळ मुस्लिम विद्वानांनीच नव्हे, तर आपल्या आधीच्या ईशग्रंथधारकांनी, म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती धर्मपंडितांनीही शतकानुशतके विचार केला आहे. त्यांचे सर्वच निष्कर्ष आपल्याला मान्य होणारे नाहीत. तरी ते समजून घेतल्यास आपल्या त्या नेहमीच्या वाक्याचा खरा अर्थ उजेडात येतो.

प्रथम पवित्र कुरआन काय सांगतो ते पाहू. फरिश्ते अल्लाहचे सन्मानित दास आहेत. ते त्याच्यापुढे जाऊन बोलत नाहीत आणि त्याच्या आज्ञेप्रमाणेच वागतात, हा सूरह अंबियाच्या २६ व २७ व्या आयतींचा भावार्थ. सूरह तहरीमच्या सहाव्या आयतीत नरकावर नेमलेल्या फरिश्त्यांविषयी सांगितले आहे की ते अल्लाहच्या आज्ञेची अवहेलना करीत नाहीत, जी आज्ञा होते तेच करतात. आदरणीय आयशा (रजि.) यांच्याकडून सहीह मुस्लिममध्ये आलेल्या हदीसनुसार फरिश्ते प्रकाशापासून निर्माण झाले, जिन्न धुराविरहित ज्वालेपासून, आणि आदम (अ.) त्यापासून ज्याचे वर्णन कुरआनात आलेच आहे. म्हणजे मातीपासून.

मग त्यांना इच्छाच नाही काय? येथे आपल्या मुफस्सिरांनी बारकाईने विचार केला आहे. सूरह अंबियाच्याच २९ व्या आयतीत असा इशारा आहे की त्यांच्यापैकी कोणी स्वतःस ईश्वर म्हणवील तर त्यालाही नरकाची शिक्षा मिळेल. ज्याला काही करणे शक्यच नाही त्याला इशारा कशासाठी? यावरून काही मुफस्सिरांनी असे अनुमान काढले की फरिश्तेही आज्ञेला बांधील आहेत, त्यांनाही जाण आहे. ते निर्जीव यंत्र नव्हेत. परंतु त्यांच्या ठायी वासना नाही, भूक नाही, मत्सर नाही. अवज्ञेकडे खेचणारे काहीच त्यांच्यात ठेवलेले नाही. म्हणून त्यांचे पाऊल वाकडे पडत नाही.

आता यहुदी परंपरेकडे वळू. यहुदी म्हटले की आपल्या मनात दूरदेशीची माणसे उभी राहतात. पण मराठी बोलणारे यहुदी आपल्याच महाराष्ट्रात, कोकण किनाऱ्यावर, शतकानुशतके राहत आले आहेत. ते स्वतःस बेने इस्रायल म्हणवितात. रायगड जिल्ह्यातील गावांत ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनालय १७९६ साली उभे राहिले. त्यांच्या धर्मभाषेत, हिब्रूत, फरिश्त्याला 'मलाख' म्हणतात. आपल्या अरबीतील 'मलक' या शब्दाचाच तो सख्खा भाऊ. अर्थ : निरोप नेणारा, पाठविलेला.

यहुदी धर्मपंडितांच्या जुन्या भाष्यांत असे म्हटले आहे की एक फरिश्ता एकाच वेळी दोन कामांवर पाठविला जात नाही. जणू त्याचे काम हेच त्याचे अस्तित्व. तालमुद या त्यांच्या थोर ग्रंथात एक कथा येते. आदरणीय मूसा (अ.) तौरात घेण्यासाठी वर गेले तेव्हा फरिश्त्यांनी विचारले की हा स्त्रीच्या पोटी जन्मलेला मनुष्य आमच्यात कशासाठी आला? एवढी मोलाची वस्तू मातीच्या माणसाला का द्यायची? तेव्हा मूसा (अ.) यांनी एकेक आज्ञा पुढे ठेवून त्यांना प्रश्न केले. तुम्ही मिस्रमध्ये गुलामी सोसली होती काय? तुम्ही कष्ट करता काय, की तुम्हाला विश्रांतीच्या दिवसाची गरज भासावी? तुम्हाला आईबाप आहेत काय? तुमच्यात मत्सर आहे काय, वाईटाकडे ओढणारी प्रवृत्ती आहे काय? फरिश्ते निरुत्तर झाले. ही कथा आपल्यासाठी प्रमाण नाही. पण तिच्यातील बोध विचार करण्याजोगा आहे. ज्याच्याकडून आज्ञा मोडली जाऊ शकते त्याच्यासाठीच शरीअत उतरते. ज्याला बहीण नाही, शेत नाही, लोभ नाही, त्याला वारसाहक्काचा कायदा कशाला?

पुढे बाराव्या शतकात मूसा बिन मैमून हा मोठा यहुदी तत्त्वज्ञ होऊन गेला. जन्म अंदलुसमधील कुर्तुबाचा, आयुष्याची अखेर मिस्रमध्ये, व्यवसायाने वैद्य. सुलतान सलाहुद्दीन यांच्या दरबाराशी त्याचा संबंध होता, आणि आपला प्रमुख तत्त्वचिंतनपर ग्रंथ त्याने अरबी भाषेत लिहिला. त्याचे म्हणणे असे की फरिश्त्यांना आपल्या कार्याची जाणीव असते, एक प्रकारची निवडही असते. पण ती आपल्यासारखी नव्हे, कारण त्यांच्याकडून नेहमी चांगलेच घडते. भले आणि बुरे स्वतः ओळखून त्यांतील हवे ते करण्याची मोकळीक मात्र त्याने माणसाचे वैशिष्ट्य मानले. यहुदी परंपरेत याहून निराळे सूरही होते. हनोखच्या नावे चालत आलेल्या एका प्राचीन ग्रंथात काही फरिश्ते पृथ्वीवर उतरून पापात पडल्याची कथा आहे. पण पुढील काळातील धर्मपंडितांनी एकंदरीत त्या कथेला थारा दिला नाही.

ख्रिस्ती विचाराने मात्र नेमकी तीच वाट धरली. आणि यातील नवलाची गोष्ट अशी की त्या विचाराचे एक मोठे वर्णन चारशे वर्षांपूर्वी आपल्या मराठी भाषेतच झाले आहे. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी मराठी आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पूर्वार्धात सृष्टीच्या उत्पत्तीबरोबरच फरिश्त्यांची निर्मिती आणि त्यांच्यापैकी लुसिफरने गर्वाने केलेले बंड, त्याचे पतन, ही कथा येते. म्हणजे, फरिश्ता बंड करू शकतो काय, हा प्रश्न मराठीला नवा नाही.

ख्रिस्ती पंडितांना ही कथा इतकी आवश्यक का वाटली? त्यांच्यापुढे एक कोडे होते. ईश्वर सर्वस्वी चांगला आहे, त्याने जे निर्माण केले ते चांगले आहे, तर सैतान कोठून आला? चौथ्या-पाचव्या शतकातील ऑगस्टीन याने उत्तर दिले की चांगल्या आणि वाईट फरिश्त्यांचा मूळ स्वभाव एकच. फरक पडला तो त्यांच्या इच्छेमुळे. काही ईश्वराकडे वळले, काही स्वतःकडे. १२१५ साली रोम येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हेच सूत्ररूपाने मांडले : सैतानही निर्माण झाला तेव्हा चांगलाच होता, वाईट झाला तो आपल्या कृतीने. तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास याने आणखी पुढे जाऊन सांगितले की फरिश्त्यांना इच्छास्वातंत्र्य निश्चित आहे, पण त्यांची निवड एकदाच होते. माणूस थोडे थोडे समजत जातो, चुकतो, पुन्हा विचार करतो. फरिश्त्याला सर्व एकाच क्षणी स्पष्ट दिसते. म्हणून एकदा निवडल्यावर त्याची निवड बदलत नाही.

याच ओघात दमिश्कच्या योहानाचा उल्लेख केला पाहिजे. हा आठव्या शतकातील ख्रिस्ती पंडित. त्याच्या घराण्याने उमय्या खलिफांच्या कारभारात नोकरी केलेली. तो लिहितो त्याचा आशय असा : माणसाला जसा मृत्यू, तसे फरिश्त्याला पतन, त्यानंतर परतीची वाट नाही. फरिश्त्याला शरीर नाही म्हणून त्याला पश्चात्तापही नाही. माणसाला पश्चात्ताप लाभला तो त्याच्या शरीराच्या दुर्बलतेमुळे.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबा. आपण ज्या दुर्बलतेचा उल्लेख सबब म्हणून करतो, तिलाच या जुन्या पंडिताने परत फिरण्याचे दार म्हटले आहे.

आता कुरआनाने हे कोडे कसे सोडविले ते पाहा. सूरह कहफच्या ५० व्या आयतीत स्पष्ट सांगितले आहे की इब्लीस जिन्नांपैकी होता आणि त्याने आपल्या पालनकर्त्याची आज्ञा मोडली. काही जुन्या मुफस्सिरांनी इब्लीसला फरिश्त्यांच्या एका गटात गणल्याची मते तफसीरच्या ग्रंथांत नोंदलेली आहेत. परंतु आयतीचा रोख उघड आहे. अवज्ञेचे कारण सांगताना त्याचे जिन्न असणे सांगितले गेले. जिन्न आणि मानव या दोघांना निवड दिलेली आहे. फरिश्त्यांच्या निष्ठेला डाग लावण्याची गरज उरत नाही. ख्रिस्ती विचारात फरिश्ता पडला, म्हणून त्याच्या इच्छेचा शोध घ्यावा लागला. इस्लाममध्ये फरिश्ता पडलाच नाही. पडले ते दोघे, ज्यांच्यापुढे दोन वाटा होत्या : इब्लीस आणि आदम (अ.).

आणि त्या दोघांतला फरक कोणता? चूक दोघांकडून झाली. इब्लीसला विचारले गेले तेव्हा त्याने युक्तिवाद केला की मी अग्नीपासून, हा मातीपासून, मी श्रेष्ठ. आदम आणि हव्वा (अ.) यांना विचारले गेले तेव्हा त्यांनी आपल्या मातीकडे बोट दाखविले नाही. "आम्ही मातीचे, आमच्याकडून चूक होणारच" असे ते म्हणाले असते तर ते खोटेही ठरले नसते. पण त्यांनी आपण स्वतःवर अन्याय केल्याचे कबूल केले आणि क्षमा मागितली. सूरह आराफच्या ११ ते २३ या आयती या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. आपण कशापासून निर्माण झालो, याचा दाखला देऊन स्वतःचे समर्थन करणारा त्या प्रसंगात एकच आहे, आणि तो आदम (अ.) नव्हे. मग "आम्ही फरिश्ते नाही" असे म्हणून आपण स्वतःला सोडवितो तेव्हा आपण कोणाची रीत चालवितो?

सूरह बकरहच्या ३० व्या आयतीतील संवादही आठवा. मानवाला पृथ्वीवर खलीफा नेमण्याची वार्ता ऐकून फरिश्त्यांनी विचारले की जो तेथे बिघाड माजवील आणि रक्त सांडील त्याला का नेमावे? गुणगान तर आम्ही करीतच आहोत. हा आक्षेप नव्हता, जाणून घेण्याची इच्छा होती, असे मुफस्सिर सांगतात. आणि त्यांचे भाकीत चुकीचेही नव्हते. रक्त सांडले गेले, आजही सांडते आहे. तरी अल्लाहचे उत्तर हेच की जे मी जाणतो ते तुम्ही जाणत नाही. ते सारे ज्ञान आपल्या आवाक्यातले नाही. पण एक गोष्ट आपल्याला दिसू शकते. वाईट करणे ज्याला शक्य आहे, वाईटात ज्याचा फायदा आहे, कोणी पाहत नाही, आणि तरीही अल्लाहच्या भयाने जो हात मागे घेतो, असा दास फरिश्त्यांत नव्हता. तो मातीतून घडवायचा होता. सूरह अहजाबच्या ७२ व्या आयतीत जी 'अमानत' आकाशांनी, धरतीने आणि पर्वतांनी उचलण्यास नकार दिला आणि माणसाने उचलली, तिचा अर्थ अनेक विद्वानांनी याच जबाबदारीशी जोडला आहे.

तेव्हा "फरिश्ते नाही" हे विधान खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. फरिश्ता नाही म्हणूनच तर तुम्हाला विचारले जाणार आहे.

याची साक्ष आपल्याच भूमीने दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, किल्लारी आणि सास्तूर परिसराची जमीन हादरली. दगड-मातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्या दिवसांत जे हात ढिगारे उपसायला आले, ज्यांनी परक्यांचे मृतदेह उचलले, परक्या लेकरांना पाणी पाजले, त्यांच्याविषयी आजही लोक म्हणतात, "ते देवदूतासारखे धावून आले." कृतज्ञतेने म्हटलेला शब्द आहे, त्यात वावगे काही नाही. पण ते फरिश्ते नव्हते, आणि हाच त्यांचा मोठेपणा आहे. फरिश्त्याला ढिगाऱ्याखाली दबण्याचे भय नसते, दुर्गंधीने त्याला मळमळत नाही, घरी त्याची मुले वाट पाहत नसतात. या माणसांना घरी राहता आले असते. ती राहिली नाहीत.

आता शेवटी आपल्या घरात येऊ, कारण भूकंप रोज होत नाही, वाटणी मात्र घरोघरी होते.

वडिलांचे निधन होते. काही दिवसांनी मुलगे तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी जातात. सासरहून बहिणींना बोलावले जाते. हक्कसोडपत्र तयार असते, आणि आपण कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने आपला हिस्सा सोडत आहोत, अशा अर्थाचा मजकूर त्यात असतो. बहीण सही करते. "मला काही नको, माझं माहेर तेवढं राहू द्या," असे तीच म्हणते, आणि भाऊ निश्चिंत होतो की तिने स्वेच्छेने सोडले.

फरिश्त्यांच्या इच्छेविषयी एवढा विचार केल्यानंतर या एका सहीच्या इच्छेविषयी विचार करणे आपले कर्तव्य नाही काय? जिच्यापुढे दोन वाटा आहेत तिचीच निवड खरी. जिला ठाऊक आहे की हिस्सा मागितला तर ईदला बोलावणे येणार नाही, आजारपणात भावाचे दार उघडणार नाही, तिच्यापुढे वाट एकच ठेवलेली आहे. तिची सही खरी, पण तिची मर्जी? अल्लाहने सूरह निसामध्ये स्त्रियांचा हिस्सा ठरवून दिला, मग संपत्ती थोडी असो वा फार. आणि या मर्यादा ओलांडणाऱ्याला तेथेच कठोर इशारा दिला. मेहरच्या बाबतीतही पत्नीने तो मनापासून, आनंदाने सोडला तरच पतीला तो घेता येतो. म्हणून अनेक उलमा सांगतात की आधी बहिणीचा वाटा तिच्या नावे करा, तिच्या ताब्यात द्या. त्यानंतर तिने खरोखर आनंदाने काही दिले तर ती तिची देणगी. लग्नात केलेला खर्च हा वाटा नव्हे.

"पण तीन एकरांत काय उरेल? सोयाबीनचा भाव पाहता पोट कसे भरायचे?" भावाची ही अडचण खोटी नाही, आणि मी ती हलकी लेखत नाही. परंतु ही अडचण आहे म्हणूनच त्याच्या न्यायाला मोल आहे. फरिश्त्याला तीन एकर नसतात. त्याने बहिणीचा हक्क मारला नाही यात विशेष ते काय? ज्याला मारता आला असता, ज्याला मारण्याची निकड होती, ज्याला गावाने नावे ठेवली नसती, त्या भावाने तलाठ्यासमोर आपणहून बहिणीचे नाव लिहविले, तर ते कृत्य असे आहे की जे कोणत्याही फरिश्त्याला करता येत नाही.

आणि ज्यांच्याकडून पूर्वीच चूक घडली आहे त्यांनी निराश होऊ नये. आदम (अ.) यांच्या लेकरांसाठी परतीची वाट अखेरच्या श्वासापर्यंत खुली आहे. मात्र दासांच्या हक्कांबाबत तौबा केवळ जिभेने पुरी होत नाही. ज्याचे आहे ते त्याला परत करावे लागते. फेरफार पुन्हा होऊ शकतो. बहीण हयात नसेल तर तिची मुले आहेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे की रात्रीचे आणि दिवसाचे फरिश्ते आळीपाळीने आपल्यात येतात आणि फजर व असरच्या नमाजेच्या वेळी एकत्र होतात, वर गेल्यावर त्यांना अल्लाहच्या दासांविषयी विचारले जाते. सूरह इनफितारमध्ये आपल्या कृत्यांची नोंद घेणाऱ्या सन्मानित लेखकांचाही उल्लेख आहे. तेव्हा पुढच्या वेळी "आम्ही फरिश्ते नाही" हे वाक्य ओठांवर येईल तेव्हा एवढे लक्षात असू द्या की ते वाक्यही लिहून घेतले जात आहे, आणि लिहिणारे फरिश्ते आहेत.

अल्लाह आपणा सर्वांना दोन वाटांपैकी योग्य वाट निवडण्याचे बळ देवो आणि वाट चुकल्यास परत फिरण्याची बुद्धी देवो. आमीन.